चौकोनी फोटो

सीतारामने पुढचा फोटो फळीवर टेकवला, टेबललॅम्पची मान वाकवून उजेड त्यावर आणला आणि दोन पावलं मागे सरकला.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पंधरावीस माणसं बाकांवर बसली होती. मुलुंडच्या या फोटोग्राफी क्लबची स्पर्धा महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी भरे. खाली जिन्याशी आठवडाभर आधीपासून एक लाकडी पेटी ठेवलेली असे. ज्याने त्याने आपला फोटो तीत टाकायचा, मागे नाव लिहायचं नाही. परीक्षकाने तो सगळ्यांसमोरच पहिल्यांदा पाहायचा, त्याच्याविषयी बोलायचं, नंबर लावायचे आणि शेवटी विचारायचं, कोणाचा? ज्याचा असेल त्याने तेव्हा उभं राहायचं. हे नियम सीताराम तुळसकरनेच घातलेले होते, आणि क्लब सुरू झाल्यापासून परीक्षकही तोच होता. भांडुपच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. इथे मात्र त्याला सगळे सर म्हणत.

फोटो चौकोनी होता, जुन्या डबा कॅमेऱ्यातून निघतात तसा. एक बंद दार, आणि दाराशी काढून ठेवलेल्या पुरुषाच्या चपला.

"सर, चपलाच आहेत की नुसत्या," मागच्या बाकावरून चंदर म्हणाला. हा नाहूर गावातला, खाडीकडच्या वस्तीतला मुलगा. मुलुंडच्या एका स्टुडिओसाठी तो लग्नांचे फोटो काढायचा.

"तुझ्या लग्नाच्या फोटोत काय असतं रे?" सीतारामने मागे न वळता विचारलं. "नवरा, नवरी, हार, मामा, मामी. सगळं असतं. म्हणूनच त्यात काही नसतं."

बाकांवर हशा झाला. चंदरही हसला.

"नीट बघा. कडी आतून लावलीय. चपला आतल्या बाजूला आहेत. म्हणजे तो माणूस घरी आलाय, आणि फोटो काढणारा त्याच्याबरोबर आत आहे. आता बाहेर जायचं तर वाट त्या चपलांवरूनच जाते." सीतारामचा आवाज खाली आला. "काढणारा जमिनीलगत बसलाय. तो घाबरलाय. मला विचाराल तर फोटो ही नुसती नोंद असते, ती कोणीही करतं. जे तोंडाने बोलता येत नाही ते फोटोत उतरलं, की मग ती कला. पहिला नंबर. कोणाचा?"

कोणी उभं राहिलं नाही.

"लाजू नका रे," क्लबचा सेक्रेटरी नंदू शिरोडकर म्हणाला. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकदोघांनी मुद्दाम चंदरकडे पाहिलं. पण बाक कुणाचाच हलला नाही.

दुपारी जेवताना सीतारामने हे सगळं रत्नप्रभाला सांगितलं. क्लबातून आला की तो सकाळचं आपलं बोलणं तिला पुन्हा ऐकवायचा. ती वाढता वाढता ऐकायची. मुलगी जानकी लग्न होऊन बोरिवलीला गेल्यापासून घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतंच.

"घाबरलाय, असं म्हणालात?" तिने विचारलं.

"मग? दिसतंच ते. ज्याला डोळे आहेत त्याला दिसतं."

"आणि कोणी उभं नाही राहिलं?"

"नाही. कोण असेल, बघायला हवा एकदा. अशा माणसाशी बोलायला हवं."

रत्नप्रभाने आमटीची वाटी त्याच्यापुढे सरकवली आणि ती आत गेली.

पुढच्या महिन्यात आणखी एक चौकोनी फोटो आला. भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेला पुरुषाचा शर्ट. खिडकीतून तिरका उजेड येत होता आणि भिंतीवर शर्टाची सावली पडली होती. सावली शर्टापेक्षा पुष्कळ मोठी होती.

"शर्ट रिकामा आहे," सीताराम म्हणाला, "पण खांदे बघा. भरलेले वाटतात ना? हा माणूस कामावर गेलाय, तरी घरात आहे. काढणाऱ्याला त्याच्यापासून सुट्टी नाही."

त्यालाही पहिला नंबर मिळाला. पुन्हा कोणी उभं राहिलं नाही.

"भूत आहे सर क्लबात," नंदू म्हणाला, आणि लोक हसत जिना उतरले.

नंबर लागलेले फोटो वर्षाच्या प्रदर्शनासाठी सीतारामकडेच राहत. घरी आल्यावर त्याने पिशवी खाटेवर ठेवली, शर्ट काढला आणि खुंटीकडे हात नेला. हात तसाच राहिला.

लाकडी पट्टीवर तीन पितळी खुंट्या होत्या. मधल्या खुंटीचं गोल टोक जानकी लहान असताना निखळलं होतं, ते कधी बसवलंच नव्हतं. सीतारामने पिशवीतून फोटो काढला. फोटोतला शर्ट डावीकडच्या खुंटीला होता आणि त्याच्या शेजारी, सावलीत अर्धी बुडालेली, टोक नसलेली खुंटी होती.

त्याने मागच्या महिन्याचा फोटो शोधून काढला. उजव्या चपलेच्या अंगठ्याला चांभाराने घातलेला टाका वाकडा होता. दाराशी जाऊन त्याने आपली चप्पल उचलली आणि उजेडात धरली. ही चप्पल तो रोज पायात घालत होता. तो टाका त्याने कधी पाहिला नव्हता.

कोणीतरी घरात येऊन गेलं होतं. एकदा नाही, दोनदा. जमिनीवर बसून, सवडीने, कॅमेरा स्थिर धरून फोटो काढले होते, आणि ते त्याच्याच हातात देऊन त्याच्याकडूनच शाबासकी घेतली होती.

त्याने खिडक्यांचे गज हलवून पाहिले. गॅलरीचं दार ओढून पाहिलं. मग तो स्वयंपाकघरात आला.

"दुपारी घरी कोण येतं?"

रत्नप्रभा तांदूळ धूत होती. "कोण येणार?"

"मी विचारतोय ते सांग. दुपारी मी नसताना इथे कोण असतं?"

"मी असते."

"आणखी?"

"आणखी कोणी नाही. मी एकटीच असते."

त्याने तिचं मनगट धरलं. जोरात धरायचं त्याच्या मनात नव्हतं, असं त्याला नंतर वाटलं. एक हिरवी बांगडी पिचली आणि तिचा तुकडा तांदळाच्या पाण्यात पडला. रत्नप्रभाने ओरडणं सोडाच, हातही ओढून घेतला नाही. तो सोडेपर्यंत ती थांबली, मग पाण्यातून काचेचा तुकडा शोधून काढला आणि तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

त्या आठवड्यात सीतारामने दाराचं कुलूप बदललं. कारखान्यातून तो मध्येच घरी येऊ लागला. एकदा जेवणाच्या सुट्टीत, एकदा पोट दुखतंय म्हणून. दोन्ही वेळा रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काही निवडत बसलेली होती. जिन्यात वर-खाली करणाऱ्या प्रत्येक पावलाकडे त्याचं लक्ष जाई. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणी दिसलं की तो पडदा ओढून घेई. रात्री बत्ती मालवल्यावरही त्याला वाटे, कुठूनतरी आपल्याकडे बघणं चालू आहे. ज्याला तो दोन महिने घाबरलेला म्हणत होता, तो मुळीच घाबरलेला नव्हता. घाबरायची वेळ सीतारामवर आली होती.

मग त्याला चंदर आठवला. फोर्टातून फोटो छापायच्या ब्रोमाइड पेपरचं पाकीट घेऊन तो एकदा घरी आला होता. बाहेरच्या खोलीत पाणी पिऊन गेला होता. त्याला आपण चारचौघांत हसलो होतो, हेही आठवलं. तेवढं पुरे झालं.

तिसऱ्या महिन्यात सीतारामने पहिले सगळे फोटो भरभर उरकले. चौकोनी फोटो तळाशी होता. नंदूनेच तो फळीवर लावला.

खाटेवर एक माणूस झोपला होता. दुपार असावी. बनियन वर सरकून पोट उघडं पडलं होतं, तोंड उघडं होतं, एक हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि त्याची मूठ मिटलेली होती. फोटो जमिनीलगतून काढलेला असल्यामुळे ती मूठ सगळ्यांत पुढे आली होती, चेहऱ्याहून मोठी दिसत होती. झोपेतही ती सैल पडली नव्हती.

बाकांवरची माणसं फोटोकडून सीतारामकडे बघू लागली. मग नंदू हळूच म्हणाला, "सर, हे तुम्ही..."

"काढ तो," सीताराम म्हणाला.

"सर, पण फोटो जबरदस्त—"

"काढ म्हणतो ना! हा स्पर्धेत बसत नाही. ही कला नाही, चोरी आहे. लोकांच्या घरात घुसून, झोपलेल्या माणसाचे..." त्याने बाकांवरून नजर फिरवली आणि ती चंदरवर थांबवली. "ऊठ. ऊठ म्हणतो. तू आला होतास माझ्या घरी."

चंदर उठून उभा राहिला. "सर, मी एकदाच आलो. पेपर देयाला. बाहेरच्या खोलीतच बसलो होतो."

"घर बघून गेलास."

"आईशप्पत सर. मना असा फोटो काढता आला असता तर मी पहिल्या दिवशीच उभा राहिलो असतो ना. लपवला कशाला असता?"

"चोर लपवतोच."

चंदरचा चेहरा उतरला. त्याने नंदूकडे पाहिलं, नंदूने जमिनीकडे. चंदरने बाकाखालून आपली पिशवी काढली.

"चोर नका बोलू सर," तो दाराशी जाऊन म्हणाला. "बाकी काय पण बोला."

त्याच्या मागोमाग जिना बराच वेळ वाजत राहिला.

रत्नप्रभा घरी नव्हती. भाजी आणायला गेली असावी. सीतारामने खाटेसमोर उभं राहून क्लबातून आणलेला तो फोटो डोळ्यांसमोर धरला. त्याला आता नक्की करायचं होतं, चंदर कुठे उभा होता, खिडकीत की दारात. मापं घेणं हे त्याचं रोजचं काम होतं. खाटेचा पाय आणि मागच्या कपाटाची कड फोटोत एका रेषेत येत होती. ती रेष जुळेपर्यंत तो मागे सरकत गेला. खिडकी डावीकडे राहिली. दार उजवीकडे राहिलं. मागे सरकता सरकता त्याची टाच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागली.

पण उंची जुळत नव्हती. फोटोत खाटेचा तळ दिसत होता. तो गुडघ्यांवर बसला, तरी दिसेना. शेवटी त्याने मांडी घातली, पाठ चौकटीला टेकवली आणि फोटो गुडघ्यावर धरला. सगळं जागच्या जागी आलं. खाट, कपाट, खुंट्या. आणि उजवीकडे मान वळवल्यावर, तेवढ्याच खालून, दार आणि दाराशी त्याच्या चपला.

चौकटीचं लाकूड पाठीशी गुळगुळीत लागत होतं. कोणाच्या तरी पाठीने ते तसं झालेलं होतं. त्याच्या मांडीजवळ विळी होती आणि निवडायला घेतलेली मेथीची जुडी.

तो तिथेच बसून राहिला. किल्ली फिरली, दार उघडलं. रत्नप्रभा भाजीची पिशवी घेऊन आत आली, तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या गुडघ्यावरच्या फोटोकडे पाहिलं. चपला काढून ती जवळ आली.

"तिथे बसलात तर मला आत जायला वाट द्या," ती म्हणाली.

तो सरकला. तिने आत जाऊन पिशवी ओतली. टोमॅटो घरंगळल्याचा आवाज झाला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"जानकी गेल्यापासून. तुमचा पहिला कॅमेरा तिच्या कपाटात पडला होता."

"आणि फोटो धुतलेस कुठे?"

"तुम्ही धुता तिथेच, न्हाणीघरात. लग्न झाल्यापासून तुमचे ट्रे हलवत्येय मी. काय किती वेळ ठेवायचं ते मला कळत नाही होय?"

"मला सांगितलं असतंस तर मी शिकवलं असतं."

रत्नप्रभा ओट्याला टेकली. "तुम्हीच सांगितलंत की सगळं. चपलांवरून वाट जाते म्हणालात. काढणारा घाबरलाय म्हणालात. मी आमटी वाढत होते. म्हटलं, ह्यांना कळलं. इतकी वर्षं झाली, पण कळलं एकदाचं." ती थोडी थांबली. "मग तुम्ही म्हणालात, कोण असेल, बघायला हवा."

"पण भीती कसली तुला? मी कधी हात उगारला तुझ्यावर?"

तिच्या मनगटावर बांगडीच्या काचेच्या ओरखड्याचा व्रण अजून होता, त्याच्यावरून ती बोट फिरवत राहिली.

"माका भीती वाटता," ती म्हणाली.

मुलुंडला राहायला आल्यापासून घरात मालवणी बोलायचं नाही, असं सीतारामने ठरवलं होतं. जानकीच्या शाळेसाठी म्हणून. तिच्या तोंडून ते शब्द त्याने कित्येक वर्षांत ऐकले नव्हते, आणि दुसऱ्याच कोणाचातरी आवाज घरात आल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी तिने आपणहून कॅमेरा आणून त्याच्यापुढे ठेवला.

"हा हवा तर घ्या. पण त्या मुलाला तुम्ही आज चोर म्हणालात, हो ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"शिरोडकरांची बायको भाजीवाल्याकडे भेटली. सगळ्यांसमोर म्हणालात. मग सगळ्यांसमोरच सांगा, फोटो कोणी काढले ते."

"घरातलं घरात राहू दे."

"मी सांगू?"

"रत्ना." त्याने आवाज चढवला नाही. चढवायची कधी गरज पडली नव्हती. "पुढे एक शब्द नको."

त्याने कॅमेरा कपाटात ठेवला, किल्ली लावली आणि किल्ली आपल्या जानव्याला बांधली.

महिनाभर घरात सगळं पूर्वीसारखं चाललं. डबा वेळेवर मिळत होता, कपडे घडी होऊन जागेवर येत होते. रत्नप्रभा त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. फक्त सीतारामची झोप गेली. रविवारी दुपारी तो आडवा व्हायचा, पण डोळे मिटले की त्याला उंबऱ्याशी कोणी बसल्यासारखं वाटायचं. उठून बघावं तर ती तिथे बसलेलीच असायची, भाजी निवडत. तो लोंबणारा हात वर घ्यायचा आणि मूठ उघडून छातीवर ठेवायचा.

त्या महिन्याच्या स्पर्धेला चंदर आला नाही. सीतारामने पेटीतले फोटो मोजले नाहीत. कॅमेरा कपाटात होता, तेव्हा भिण्यासारखं काही नव्हतं. नदीचे, मंदिराचे, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांचे फोटो एकेक करून फळीवर आले आणि गेले. मग नंदूने एक चौकोनी फोटो लावला आणि तोच आधी म्हणाला, "अरे बाप रे."

कॅमेरा देण्याआधीच तिने त्यातली फिल्म काढून घेतली असावी. किंवा हा फोटो आधीच छापून ठेवलेला असावा. सीतारामला कळेना. तो पुढे झाला.

फोटोत एक फडताळ होतं. फडताळात शेजारी शेजारी दोन बरण्या, एकसारख्या, दोन्हींत पांढरे बारीक खडे. त्या अगदी स्वच्छ आल्या होत्या. आणि सगळ्यांत पुढे, कॅमेऱ्याच्या फार जवळ असल्यामुळे धूसर, एक हात त्या दोहोंच्या मधोमध लांब झालेला. बोटं उघडी. मनगटात बांगड्या.

एका बरणीत मीठ होतं. दुसरीत त्याचं पोटॅशियम ब्रोमाइड. फोटोच्या औषधात ते चिमूटभर लागे, आणि न्हाणीघरात ओल धरतं म्हणून त्यानेच ते स्वयंपाकघरात मिठाच्या शेजारी ठेवलं होतं. दिसायला मीठ, चवीलाही खारट, पण पोटात गेलं तर बाधणारं. हॉलमध्ये हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

"बोला ना सर," कोणीतरी म्हणालं.

त्याला बोलायचं नव्हतं. पण फोटोसमोर उभं राहून गप्प बसणं त्याला जमलं नसतं. तेवढं त्याचं डोळ्यांशी इमान होतं.

"हात ठरवत नाहीये," तो म्हणाला. "बघा. डावीकडे झुकला असता तर ही गोष्ट झाली असती. उजवीकडे झुकला असता तरी झाली असती. फोटो त्याच्या आधी थांबलाय. पुढे काय होणार ते बघणाऱ्याला कळत नाही, आणि... आणि बहुतेक हातालाही माहीत नाही."

"मॉडेल चांगली मिळाली," नंदू म्हणाला.

"मॉडेल नाही. एका हातात कॅमेरा धरून दुसरा पुढे केलाय. काढणारीचाच हात आहे हा."

शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला ऐकू आला. बाकांवर चुळबुळ झाली. क्लबात एकही बाई नव्हती.

"काढणारी?" नंदू हळूहळू म्हणाला. "म्हणजे आधीचे पण तिचेच, सर. तोच कॅमेरा आहे. म्हणजे चंदरने नव्हता काढला तो."

सगळे सीतारामकडे बघत होते. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. दोन शब्द पुरले असते, आणि ते त्याच्या जिभेवर आलेही होते. त्याने लॅम्पचं बटण दाबलं. फोटो अंधारला.

"पहिला," तो म्हणाला.

"कोणाचा?" त्याच्याऐवजी नंदूनेच विचारलं, आणि सगळ्यांनी सवयीने मागे वळून पाहिलं. "सर, कोण असेल? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय ठाऊक?" सीताराम म्हणाला आणि फोटो पिशवीत घातला.

"चंदरला निरोप पाठवू का मग?"

"बघू पुढे."

घरी येताना तो लांबच्या रस्त्याने आला. दार रत्नप्रभाने उघडलं. पान वाढून ठेवलेलं होतं. भात, आमटी, वाटाण्याची उसळ. त्याने हातपाय धुतले आणि पाटावर बसला.

"आज नंबर कोणाला?" तिने विचारलं.

"तुला ठाऊक आहे."

"दिलात? पहिला?"

"दिला."

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं. लग्नाआधी कणकवलीला तिला बघायला गेला होता, तेव्हाचा चेहरा त्याला आठवला. मग तिने विचारलं, "कोणी काढला ते सांगितलंत?"

सीताराम भाताकडे बघत राहिला.

"नाही सांगितलंत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्याने मान वर केली. समोर फडताळ उघडं होतं. त्यात एकच बरणी होती. दुसरीच्या जागी फळीवर गोल पांढरट डाग होता.

"ती दुसरी बरणी कुठे गेली?"

"काढून ठेवली."

"कोणती?"

"जेवा ना. गार होतंय."

"रत्ना, मी विचारतोय, कोणती बरणी काढलीस?"

ती त्याच्यासमोर उंबऱ्याशी बसली. गुडघ्यांभोवती हात गुंफले आणि चौकटीला पाठ टेकली. ती त्याच्याकडे बघत होती, नीट, सवडीने, जसं कोणी त्याच्याकडे आजवर बघितलं नव्हतं.

त्याने आमटी भातावर ओतली. ती वाफाळत होती. त्याने कालवलं, घास केला आणि हात थांबवला.

"तू नाही बसत?" त्याने विचारलं.

"मी नंतर बसते," रत्नप्रभा म्हणाली. "नेहमी नंतरच बसते ना मी."